यवतमाळजवळच्या खेड्यात राहते. दक्षिण आफ्रिकेत टाकून दिलेल्या बाळांच्या ख्रिस्ती शिशुगृहात दोन आठवडे सेवेला जाऊ का?

दोन आठवड्यांसाठी नका जाऊ ताई. निदान तीन महिने काढता येत असतील तरच जा. मी इकडच्याच एका शिशुगृहात सहा वर्षं बाळं सांभाळली. सात-आठ महिन्यांचं लेकरू रोज दूध पाजणाऱ्या बाईचा पदर मुठीत धरून झोपतं. ती गेली की दुसरीनं बाटली लावली तरी मान फिरवतं, रात्र रात्र रडतं. दर पंधरवड्याला नवा चेहरा आला तर हेच पुन्हा. पंधराच दिवस मिळणार असतील तर धुणं, बाटल्या उकळणं, स्वयंपाक मागून घ्या, तीही सेवाच. निघण्याआधी एवढं करा:

- पर्यटन व्हिसावर जाऊ नका, स्वयंसेवेची परवानगी असलेलाच घ्या.
- पोलीस दाखल्याचा (आपल्यावर गुन्हा नाही असा) अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर करा. आपलं पासपोर्ट कार्यालय नागपूरला.
- प्रार्थनेला बसावं लागेल का, ते आधीच विचारा.