सहा व्होल्टची पॅकार्ड आणि बारा व्होल्टचा सल्ला

प्रश्न: नमस्कार, आमच्या काकांनी 1936 ची अमेरिकन गाडी पॅकार्ड वन-ट्वेंटी चार वर्षं खपून रिस्टोअर केली, रंग, क्रोम, सीटा सगळं टकाटक. पण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तापली की बंद पडते आणि मग स्टार्टर नुसता कण्हत बसतो. गॅरेजवाला म्हणतो 6 व्होल्ट काढा, 12 करून देतो. करावं का? आणि मुलगी विचारते, 1930 च्या दशकातल्या जागतिक मंदीत लोकांची खायची मारामार, मग असल्या गाड्या घेत कोण होतं?
— एक वाचक, नौपाडा

उत्तर: आधी गॅरेजवाल्याला थांबवा! 6 व्होल्टवर तेवढ्याच ताकदीसाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल पण तशीच जाडजूड हवी, आणि बऱ्याचदा काय होतं, रिस्टोअर करताना हल्लीच्या गाडीची बारीक केबल टाकतात. दुसरी गंमत म्हणजे तो टकाटक रंग. चासी, इंजिन ब्लॉक सगळं रंगवलं की अर्थिंगच्या पट्टीखाली (बॅटरीचं एक टोक गाडीच्या बॉडीला जोडते ती) पण रंग जातो, मग करंट जाणार कुठून? तेवढ्या जागा घासून लख्ख करा, केबल बदला, मग बघा. आणि हो, या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, हल्लीच्या गाड्यांच्या उलट, म्हणून शेजाऱ्याच्या कारच्या बॅटरीवरून जंपर केबल लावायचा मोह आवरा, नाहीतर वायरिंगच जळायचं.

तापल्यावर बंद पडते ते बहुतेक व्हेपर लॉक, म्हणजे गरम इंजिनाजवळच्या लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ काही ओढू शकत नाही. पंपावर ओलं फडकं टाकून जरा वेळ थांबा, जुना पण खात्रीचा उपाय. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने पंपाचा जुना डायफ्राम (आतला लवचिक पडदा) पण खराब होतो, तो इथेनॉल चालेल असा बसवून घ्या. तसंही व्हिंटेज नोंदणीच्या 2021 च्या नियमात अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, काकांनी नोंदणी तशी केली असेल तर घोडबंदरच्या जॅममध्ये न्यायची कशाला?

आता मुलीचा प्रश्न, मला तोच जास्त आवडला. कॅडिलॅकने सोळा सिलिंडरची गाडी आणली जानेवारी 1930 मध्ये, शेअरबाजार कोसळून तीनच महिने झालेले, बिचाऱ्यांचं डिझाइन त्याआधीच सुरू होतं ना. श्रीमंत होतेच, पण पुरेसे नव्हते, महागड्या गाड्यांच्या कंपन्या बुडाल्या, ड्युसेनबर्ग 1937 ला संपली, पिअर्स-ॲरो 1938 ला. पॅकार्ड तगली ती तुमच्या काकांच्या मॉडेलवर, 1935 ला आणलेली ही स्वस्त पॅकार्ड, हजार डॉलरच्या आत सुरुवात. शौकीन मंडळी तिला बघून नाक मुरडतात, पण माझ्या मते कंपनी तिनेच वाचवली. आणि मुलीला हेही सांगा की इंदूरचे महाराजे दुसरे यशवंतराव होळकर यांनी तेव्हाच ड्युसेनबर्ग एसजे मागवली होती, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बनवून.

रंग खरवडल्यावर स्टार्टर कसा फिरतो ते कळवा.