पान सोडून बाहेर पडायला शिकव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचं तासांचं नियोजन, दोन्ही सावकाश वाचलं. मेहनत दिसतेच आहे. पण माध्यम साक्षरतेच्या, म्हणजे बातम्या, फोटो, संदेश पारखायला शिकवण्याच्या, आठही तासांत तू मुलांना खोट्या बातम्याच दाखवणार आहेस, तिथे मी अडखळले. हीच चूक मी एक अख्खं वर्ष केली आहे, म्हणून लिहिते.

तेव्हा मी मुलांच्या हातात संकेतस्थळ विश्वासाचं आहे का हे पारखायची एक यादी दिली होती. पत्त्याच्या शेवटी 'डॉट ऑर्ग' आहे का, संपर्काची माहिती आहे का, शुद्धलेखन बरं आहे का, जाहिराती किती. मुलं पटापट खुणा करायची, गुणही भरपूर मिळायचे. पण फसवणाऱ्याला यातलं काहीच अवघड नसतं. डॉट ऑर्गचा पत्ता तर कुणीही विकत घेऊ शकतं. वर्ष संपताना सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, म्हणजे कुणाचंच काही खरं नसतं ना?" मला हेच उत्तर हवं असणार, असं तिला वाटत होतं. फार लागलं ते मला. सगळ्यांवरचाच विश्वास उडालेलं मूल खरं सांगणाऱ्याचंही ऐकत नाही.

पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचा २०१७चा अभ्यास वाचनात आला. त्यांनी ४५ जणांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली होती. त्यांत १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळणी करणारे आणि २५ स्टॅनफर्डचेच विद्यार्थी. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले, आणि बरेचदा सफाईदार मांडणीला, भारदस्त नावाला भुलले. पडताळणी करणारे मात्र पान उघडल्यावर लगेच ते सोडून शेजारी नवे टॅब उघडत होते. या संस्थेबद्दल बाहेरचे लोक काय सांगतात, ते आधी बघत होते. मी याला वर्गात 'आडवं वाचन' म्हणते.

तूही असंच कर. एखाद्या अनोळखी संस्थेचं पान पडद्यावर लाव आणि विचार, "यातलं काहीही न वाचता तीन मिनिटांत सांगा, हे चालवतं कोण?" पहिल्या दिवशी मुलं 'आमच्याविषयी' या पानावरच जातील. जाऊ दे. मग विचार, स्वतःबद्दल वाईट कोण लिहील? विकिपीडियाला हात लावू नका, असं मात्र सांगू नकोस. लेखाचा इतिहास उघडून कुणी कधी कोणता शब्द बदलला ते दाखव, चर्चापानावरचे वाद वाचू दे, तळटीपेवरून मूळ स्रोतापर्यंत जाऊ दे. ज्ञान कसं घडतं, हे इतकं उघड्यावर फार कमी ठिकाणी दिसतं.

आणि मुलांना स्वतः काहीतरी बनवू दे. मधल्या सुट्टीत दोन गट कर, एकेक फोन दे. मैदान तेच, वेळ तीच. एका गटाने ते गजबजलेलं दाखवायचं, दुसऱ्याने ओस. नंतर फोटोत काहीही बदल करायचा नाही. माझ्या वर्गातल्या एका गटाने फोन गुडघ्याच्या उंचीवर धरला, तर वीस मुलांची जत्रा झाली. दुसऱ्या गटाने नुसतं तोंड फिरवून कोपऱ्यातलं झाड टिपलं. दोन्ही फोटो शेजारी लावले आणि एक मुलगा कळवळून म्हणाला, "पण बाई, आम्ही खोटं काहीच केलं नाही!" उरलेला तास या एका वाक्यावर गेला.

मग मी त्यांना कॉटिंग्लीच्या पऱ्यांची गोष्ट सांगितली. १९१७ साली इंग्लंडमधल्या दोन मावसबहिणींनी कागदी पऱ्या कापून, टोपीच्या पिनांनी उभ्या करून फोटो काढले. निगेटिव्ह तपासणाऱ्या तज्ज्ञाने फोटोत फेरफार नाही असं सांगितलं, आणि तसा तो नव्हताच; खोटेपणा कॅमेऱ्यासमोर उभा होता. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनीही विश्वास ठेवला. कबुली आली ती १९८३ साली. म्हणूनच कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली चित्रं ओळखण्यासाठी हाताला बोटं कमी-जास्त आहेत का ते मोजायला शिकवण्यात वेळ घालवू नकोस. असे दोष त्या साधनांच्या पुढच्या आवृत्तीत नाहीसे होतात. चित्र पहिल्यांदा कुठे आलं, कुणी टाकलं, हे उलट प्रतिमाशोधाने, म्हणजे शब्दांऐवजी चित्रच शोधयंत्राला देऊन, हुडकायला लाव.

एक नाजूक गोष्ट. हे शिकलेला माझा एक विद्यार्थी घरी गेला आणि सगळ्यांदेखत आजोबांचा संदेश खोटा ठरवून मोकळा झाला. आजोबा कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून मी घरी विचारायचा प्रश्नही वर्गात घोकून घेते: "आजोबा, हे तुम्हाला कुणी पाठवलं? आपण दोघं मिळून बघू या का?"

उपकरणं कमी आहेत याची चिंता करू नकोस. तीन मुलांत एक असलं की बोलणं आपोआप होतं. मैदानाच्या फोटोंसाठी मात्र मुख्याध्यापकांकडून दोन सलग तास मागून घे. एका तासात तो वाद संपत नाही, आणि मुलं तो पुढच्या विषयाच्या तासात सुरूच ठेवतात.

तुझी,
बाई