थंडी खालून येते: कॅरीमॅटविषयी वाचकांचे प्रश्न

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर पहिलाच मुक्काम आहे. स्लीपिंग बॅग चांगली आहे. तरी मॅट लागेल का, की घरची सतरंजी चालेल?

मॅट लागेलच. स्लीपिंग बॅगची ऊब तिच्यात अडकलेल्या हवेची असते. आपण अंग टाकलं की पाठीखालचा भाग चेपतो, हवा निघून जाते आणि उरतं नुसतं कापड. मग मंदिराजवळच्या गुहेतला दगड रात्रभर अंगातली ऊब ओढत राहतो. पहाटे कुडकुडत जागे झालेले भटके अंगावर आणखी एक पांघरूण घेतात, पण थंडी खालून येत असते. हे मी कितीदा पाहिलंय, आणि दरवेळी वाईट वाटतं.

सतरंजी ओल धरते आणि सकाळी जड होते. घोंगडी उबदार खरी, पण सॅकमध्ये तिचं ओझं फार. तुम्ही साधी फोमची कॅरीमॅट घ्या, १० मिलिमीटर जाडीची. तिचं वजन साधारण ३०० ते ४०० ग्रॅम भरतं. दुकानात अंगठ्याने जोरात दाबून बघा. खळगा लगेच भरून आला तर घ्या. तसाच राहिला तर ती थोड्याच मुक्कामांत चपटी होईल. योगासनांची मॅट मात्र नेऊ नका. ती जड असते आणि पाय घसरू नये म्हणून बनवलेली असते.

फुगवायची मॅट घडी केल्यावर पाण्याच्या बाटलीएवढी होते. सह्याद्रीत तीच घ्यावी का?

माझं मत, पहिली मॅट म्हणून नको. कारवीचे तुटके खुंट, बाभळीचे काटे, गुहेतली खडी, यातलं एकही पुरतं. फोमला भोक पडलं तरी ती मॅटच राहते; हवा गेलेल्या मॅटवर झोपणं म्हणजे जमिनीवरच झोपणं. घेतलीच असेल तर चिकटपट्टीचा संच जवळ ठेवा. बारीक भोक सापडत नसेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील.

जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखरावर जातोय. हीच फोमची मॅट पुरेल?

बर्फावर एकटी पुरणार नाही. मॅट जमिनीची थंडी किती अडवते ते आर-व्हॅल्यू या आकड्यावरून कळतं. आपल्याकडच्या हिवाळ्याला २ च्या आसपास चालते; बर्फावर मी ५ च्या खाली जात नाही. सोय अशी की दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते. खाली २ ची फोम, वर ३ ची हवेची, झालं काम. हवेची मॅट तोंडाने न फुगवता हवा भरायच्या पिशवीने भरा, कारण श्वासातली वाफ आत साचून गोठते. आयोजक मॅट देणार असतील तर ती किती जाडीची, हे निघण्याआधी विचारा.

आईला कुशीवर झोपायची सवय आहे. फोमवर तिचा खुबा दुखतो.

त्यांच्यासाठी जाडीच हवी. झडप उघडली की बरीचशी आपोआप फुगणारी मॅट घ्या. वजन अर्ध्या किलोच्या वर जाईल, ते तुमच्या सॅकमध्ये घ्या. घरी ती गुंडाळून ठेवू नका. पसरून, झडप उघडी ठेवून ठेवा, नाहीतर आतला फोम दबून बसतो.

मॅट सॅकच्या बाहेर बांधावी की आत?

झाडोऱ्याची वाट असेल तर आत. रिकाम्या सॅकमध्ये ती उभी गोल सोडा आणि बाकीचं सामान तिच्या पोकळीत भरा.