पिशवीतली गोगलगाय मेलेली नसते

सुट्ट्या संपल्या की कांदळवनातल्या गोगलगायीबद्दल तेच तेच प्रश्न येतात. ही लिटोरॅरिया स्कॅब्रा, पेरिविंकल म्हणजे किनाऱ्यावरच्या छोट्या गोगलगायींच्या कुळातली. पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत उष्ण किनाऱ्यांवर आढळते.

प्रश्न : भरती आली की ती खोडावर चढते. पाणी सोसत नाही का?

सतत बुडून राहणं सोसत नाही. चढणं-उतरणं रोजचंच आहे, काळजी नको.

प्रश्न : ती विषारी असते का?

नाही. दातेरी जिभेनं खोडावरचं शेवाळ आणि बुरशी खरवडून खाते. विषारी डंख कोनशंख नावाच्या दुसऱ्या सागरी गोगलगायींचा, आणि त्यातल्या काहींच्या डंखानं माणसं मेली आहेत. ओळख पटत नसेल तर जिवंत शंख हातात घेऊच नका. डंख झाला तर लेप-बिप लावत बसू नका, थेट रुग्णालयात जा.

प्रश्न : मुलांनी मेलेले शंख आणले होते. कित्येक दिवसांनी ते पिशवीतून बाहेर पडून भिंतीवर चढले! आता काय करू?

मेलेले कोण म्हणालं? कोरडं पडलं की ही गोगलगाय अंग आत ओढते, झाकण घट्ट लावते आणि चिकट स्रावानं शंखाची कड खोडाला डकवून पडून राहते. असे दिवसच्या दिवस काढते. ‘हलत नाही, म्हणजे मेली’ या ऐकीव शास्त्रापायी असंख्य गोगलगायी उकळल्या जातात, वर वॉर्निश चढतं. विक्रेते ‘आपोआप रिकामे झालेले शंख’ म्हणून खपवतात. इतके चकचकीत, एकसारखे शंख किनाऱ्यावर आपोआप पडत नसतात, हे गिऱ्हाइकालाही कळायला हवं. तुमच्या गोगलगायी जवळच्या कुठल्याही किनाऱ्यावर सोडू नका. परका जीव तिथे नेणं हा दुसरा उपद्रव. फोटो आणि आणल्याचं नेमकं ठिकाण सागरी जीवशास्त्राच्या अभ्यासकाला आजच कळवा. रविवारची वाट पाहू नका.

प्रश्न : फिश टँकची काच साफ करायला ठेवू का? दुकानदार आग्रह करतोय.

नको. ती टँकबाहेर चढेल आणि कपाटामागे वाळून मरेल.

प्रश्न : गुडघेदुखीवर हिचा रस्सा चालतो म्हणे?

कोण म्हणे? दूषित पाण्यातले जड धातू गोगलगायींच्या अंगात साठतात, उकळून जात नाहीत. गुडघे डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : हिची अंडी कुठेच दिसत नाहीत.

मादी ती अंगातच, शंखाखालच्या मऊ आवरणाच्या पोकळीत सांभाळते आणि पाण्यात थेट अळ्या सोडते.