केस झाली म्हणजे मुलाची पोलीस भरती संपली का?

अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला पोलिसांनी पकडलं की आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तोवर मूल बहुतेक वेळा घरी आलेलं असतं. सुटकेचा प्रश्न मिटलेला असतो. पोटात गोळा असतो तो वेगळ्याच गोष्टीचा: "मॅडम, हे आता जन्मभर त्याच्या नावावर राहणार का?"

इथे सांगतेय त्या मुलाचं नाव, गाव, कॉलेज काहीच देणार नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तशी ओळख उघड करू देत नाही, आणि ते योग्यच आहे.

मुलाला सतरावं चालू होतं, अकरावीत होता. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये, आई घरी ब्लाउज शिवते. दोन वर्षं पोरगा पहाटे ग्राउंडवर धावत होता. डोळ्यांसमोर एकच गोष्ट, पोलीस भरती. एका रात्री दोन मित्रांबरोबर शेजारच्या गल्लीतली दुचाकी काढली आणि तिघं हायवेवरच्या ढाब्यावर निघाले. नाकाबंदीत सापडले. तिघांपैकी एक एकोणीस वर्षांचा होता.

वडील बोलत होते माझ्याशी, पण मुलाकडे एकदाही बघत नव्हते. आई मधे बसली होती. मुलगा नखाशेजारची साल ओढत होता, बोटाला रक्त आलं तरी थांबेना. घरात गेला आठवडाभर बापलेकांत बोलणं नव्हतं. जेवायला बोलवायचं तरी "त्याला सांग" असं बायकोमार्फत. धावायचे बूट वडिलांनी माळ्यावर टाकले होते. "आता काय करायचेत?" एवढंच म्हणाले होते.

वडिलांच्या डोक्यात भलताच हिशेब चालू होता. एकोणीस वर्षांच्या त्या मोठ्या मित्राला लॉकअपमध्ये ठेवलं, आपल्या पोराला दुसऱ्या दिवशी सोडलं, म्हणजे त्याला मागाहून अडकवणार. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाने गाडीने दोघांना उडवलं, त्या प्रकरणात निबंध लिहायला सांगून सोडलं ते श्रीमंताचं पोर होतं म्हणून. "आमच्याकडे काय आहे? आम्हाला कोण निबंध लिहायला सांगणार?" मे २०२४ मधल्या त्या प्रकरणानंतर हे मी फार ऐकते. लोकांचा राग मला समजतो. पण त्या रागातून गरीब आईबापांच्या मनात जी धास्ती बसली आहे, तिचं मला जास्त वाईट वाटतं, कारण बाल न्याय कायद्यातलं जामिनाचं कलम १२ त्यांच्याही मुलासाठीच लिहिलेलं आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचं हा नियम. वाईट संगतीत पडण्याचा किंवा त्याच्याच जिवाला, मनाला धोका असेल, नाहीतर न्यायाचा हेतूच फसणार असेल, तरच नाही. आणि नाही सोडलं तरी मूल निरीक्षणगृहात जातं. लॉकअप किंवा तुरुंगात त्याला ठेवताच येत नाही.

मोठ्या मुलाचा खटला नेहमीच्या कोर्टात चालणार आणि ह्याची चौकशी बाल न्याय मंडळापुढे, हेही कायद्यानेच ठरलेलं. दोघांचं एकत्र चालवता येत नाही. एफआयआर झाला होता तोसुद्धा बरोबर सज्ञान माणूस होता म्हणून. फक्त मुलंच असती तर अशा चोरीची पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद होऊन ती माहिती मंडळाकडे जाते. हे सांगितलं तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा मुलाकडे पाहिलं.

मग मुख्य प्रश्न. २०१५ च्या याच बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं की या कायद्याखाली ज्या मुलाचा निकाल लागला, त्याला गुन्हा सिद्ध झाल्यामुळे येणारी कुठलीही अपात्रता लागत नाही. अपील वगैरेची मुदत संपल्यावर त्या नोंदी नष्ट करायच्या असतात. चारित्र्य पडताळणीसाठीसुद्धा पोलिसांनी मुलाची नोंद उघड करायची नाही, केस चालू असो किंवा संपलेली. अपवाद आहे, आणि तो मी कधी लपवत नाही: सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाने खुनासारखा निर्घृण गुन्हा केला आणि बालन्यायालयाने (हे मंडळाहून वेगळं, सत्र न्यायालयाच्या पातळीचं कोर्ट) त्याला सज्ञान समजून खटला चालवून दोषी ठरवलं, तर हे संरक्षण मिळत नाही. दुचाकीची चोरी त्यात बसत नाही. कमाल तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले गुन्हे हा कायदा किरकोळ धरतो. त्यांची चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन महिने. त्यातही संपली नाही तर प्रकरण बंद होतं.

वडिलांनी विचारलं, "मग पोलिसांना थोडं देऊन नाव काढून घेऊ का? नाहीतर त्याला मामाकडे बेळगावला पाठवतो." दोन्हींना मी स्पष्ट नाही म्हटलं. मंडळापुढे तारखेला मुलगा हजर नसणं यापेक्षा मोठं नुकसान ह्या केसमध्ये दुसरं होऊ शकत नव्हतं. वकिलाचा खर्च हा त्यांचा खरा घोर होता. मुलांना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे ते दुसऱ्याच दिवशी गेले.

परिविक्षा अधिकारी, म्हणजे मंडळासाठी मुलाच्या घरची माहिती घेणारा अधिकारी, घरी येणार म्हटल्यावर आई घाबरली. घर आवरून ठेवू का, शेजाऱ्यांना काय सांगू, तो चांगलाच आहे असं सगळ्यांना सांगायला लावू का? मी म्हटलं, ताई, जसं आहे तसं सांगा. रात्री बाहेर जायचा, हेही सांगा. बोलणं बंद आहे, तेही सांगा. सामाजिक तपासणी अहवाल म्हणजे मुलाचं घर, शाळा, संगत मंडळासमोर ठेवणारा कागद. मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली किमान एक स्त्री. पढवलेली उत्तरं त्यांना लगेच कळतात.

मधेच एक वेगळं प्रकरण निघालं. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी मुलाचा फोटो टाकला होता, खाली "चोर" लिहून. टाकणारा नात्यातलाच निघाला. आईने ग्रुप चालवणाऱ्याला फोन केला: अशा मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिने कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्ध्या तासात फोटो गेला. माझ्या खोलीत पदर तोंडाशी धरून बसणारी बाई हे सगळं मला ताठ मानेने सांगत होती.

मुलाशी मी एकट्याने बोलले तेव्हा तो म्हणाला, "आम्ही सकाळी गाडी परत ठेवणार होतो." मी वाद घातला नाही. गाडी कोणाची आहे माहीत आहे का, असं विचारलं. माहीत नव्हतं. ती एका भाजीवाल्याची होती. मुद्देमाल म्हणून गाडी पोलीस ठाण्यात अडकली आणि सुपुर्तनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, परत मिळेपर्यंत तो माणूस पहाटे रिक्षा करून मार्केट यार्डात जात होता. हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. घरात सगळी चर्चा भरतीची आणि अब्रूची. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "रिक्षाचे किती जात असतील?" त्या दिवसापासून आमचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं. "मी काय केलं" इथवर मूल आलं तर समुपदेशनाला काही अर्थ असतो. "माझं काय होणार" यातच ते अडकलं तर नाही, असं माझं ठाम मत आहे.

त्याला भाजीवाल्याला भेटायचं होतं. वडिलांना तर त्याचे पाय धरून तक्रार मागे घ्यायला लावायची होती. केस चालू असताना फिर्यादीच्या दारात जाणं म्हणजे दबाव आणल्यासारखं दिसतं, म्हणून वकिलांना विचारल्याशिवाय जाऊ नका, असं सांगितलं. निकालानंतर बापलेक दोघं गेले. रिक्षाचे पैसे मुलाने सुट्टीत काम करून दिले.

मंडळाने समज दिली, समुपदेशन चालू ठेवायला सांगितलं आणि समाजसेवा करायला लावली. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना मदत करायची. बूट माळ्यावरून वडिलांनीच काढले, पण ते निकालाच्या खूप आधी, बोलायला लागले त्या आठवड्यात.

आता भरतीच्या अर्जाबद्दल, कारण हे सगळेच विचारतात. अर्जात "आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का" असा रकाना असतो. २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची बाजू उचलून धरली होती. अल्पवयातल्या प्रकरणाचा कलंक पुढे राहू नये हाच कायद्याचा हेतू, असं म्हटलं होतं. तरीही प्रत्येक अर्जातला प्रश्न वेगळ्या शब्दांत असतो, म्हणून तो रकाना मनाने भरू नका. मंडळाच्या आदेशाची प्रमाणित प्रत आजच मागून घ्या, दहावीच्या मार्कलिस्टबरोबर ठेवा, आणि अर्ज भरायच्या आधी ती घेऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे जा.