हात थांबला, पण मुंग्यांचं काय?

प्रश्न: माझ्या सासऱ्यांना (वय 66) पार्किन्सन आहे. दोन महिन्यांपूर्वी डीबीएसचं, म्हणजे मेंदूत वायर बसवून मशीननं बारीक करंट द्यायचं ऑपरेशन झालं. थरथर खूपच कमी झाली, पण परवा सेटिंग वाढवल्यापासून उजव्या हाताला मुंग्या येतायत. पोह्यावर जिरावन मसाला घातला तरी वास येत नाही म्हणतात. खांदा मात्र दुखायचा तो बराच थांबलाय. मशीन बिघडलंय का?
— एक सून, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, मशीन बिघडल्यासारखं वाटत नाही, पण मुंग्या परवापासून आहेत ना, मग सेटिंग करणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करा, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. होतं काय, की वायर बहुतेक वेळा ज्या चवळीच्या दाण्याएवढ्या भागात बसवतात, सबथॅलॅमिक न्यूक्लियस म्हणतात त्याला, त्याच्या जवळूनच अंगावरचा स्पर्श मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या नसांची वाट जाते. करंट जरा जास्त पसरला की ती वाट चाळवते आणि हाताला काहीही झालेलं नसताना मुंग्या आल्यासारखं वाटतं. उजव्या अंगाचा स्पर्श मेंदूच्या डाव्या बाजूला पोचतो, म्हणून डाव्या बाजूची वायर आणि मुंग्या उजव्या हाताला. वाढवल्या वाढवल्या थोडा वेळ येऊन गेल्या तर ठीक, पण रेंगाळल्या तर करंट कमी करतात नाहीतर वायरीवरचा दुसरा कॉन्टॅक्ट, म्हणजे करंट सोडणारा दुसरा बिंदू, घेतात, हे सगळं बाहेरूनच होतं.

खांद्याचं म्हणाल तर स्नायूंचा ताठरपणा कमी झाला हे एक कारण आहेच, पण तेवढंच नाही. पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी झालं की अंगाकडून येणाऱ्या संवेदना गाळून घ्यायची मेंदूची चाळणीच बिघडते, दुखणं जास्त जाणवतं, आणि सेकंदाला साधारण 130 वेळा जाणाऱ्या त्या करंटनं बऱ्याच जणांची ही चाळणी थोडी ताळ्यावर येते. आवाजाचं तसं होत नाही. बाबा पुटपुटत असतील, तर त्यांना खरंच वाटत असतं की आपण मोठ्यानं बोलतोय, त्यामुळे त्यांच्यावर चिडू नका, त्याला स्पीच थेरपीच लागते, डीबीएसनंतर काहींचं बोलणं उलट जास्त अस्पष्ट होतं.

वासाची आशा मात्र मी देणार नाही. तो बहुतेकांचा थरथर सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधीच गेलेला असतो. काहींना ऑपरेशननंतर वास ओळखायला थोडं सोपं जातं, पण गेलेला वास परत येईल असं धरून चालू नका. त्यापेक्षा बाबा दुपारी घरात एकटे असतील तेव्हा सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जात जा, गॅस लीक झाला तर त्यांना कळणार नाही.

आजच्या पद्धतीचं डीबीएस 1987 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला डॉ. बेनाबिद यांनी थरथरीसाठीच सुरू केलं आणि अजूनही सगळ्यांची नजर हातावरच असते, ओपीडीत बोटं आपटून दाखवा, चालून दाखवा, संपलं. मुंग्या, दुखणं, वास कुणी विचारत नाही आणि पेशंटही सांगत नाहीत, हे मला फार खटकतं. म्हणून तुम्हीच वहीत लिहा, मुंग्या कधी आल्या, किती वेळ राहिल्या, गोळी घेतल्यावर की आधी, आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.

आणि हो, खांदा परत दुखला आणि फिजिओथेरपीला गेलात तर आत शिरायच्या आधीच सांगा की डोक्यात वायर आहे. डायथर्मीचा, म्हणजे मशीनच्या लहरींनी आतून उष्णता देणारा शेक त्यांना अजिबात चालणार नाही, त्या शेकाच्या मशीनची ऊर्जा वायरीतून आत जाऊन मेंदू भाजू शकतो.