मधल्या सुट्टीत तो कुठं असतो?

‘लेकराला एक बी दोस्त नाही, मॅडम.’

लातूरला मी स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसोबत काम करते. अहमदपूरहून आलेले असोत की निलंग्याहून, तपासणीचे कागद टेबलावर ठेवले की आईबापांचं पुढचं वाक्य बहुतेक हेच. गणित, अक्षर, सगळं त्यानंतर.

उदगीरकडचा माधव (नाव बदललंय) पाचवीत होता. देवणी जातीच्या गुरांचं त्याला भारी वेड. आई सांगत होती, ‘सुट्टीत सगळे लेकरं खेळायलेत अन् हे गेटापाशी उभं राहायलंय.’

आधी मी काय केलं ते सांगते, कारण पुष्कळ जण तेच करतात. दोन महिने त्याला मैत्रीचे धडे दिले. जवळ जा, हसून बघ, नाव विचार. माधवनं धडा पक्का केला आणि तीन वर्षं ज्याच्या शेजारी बसत होता, त्यालाच जाऊन विचारलं, ‘तुझं नाव काय आहे?’ वर्ग हसला. पुढं आठवडाभर पोरं त्याला अडवून विचारत होती, ‘ए, माझं नाव काय?’

मग मी शिकवणं थांबवलं. कागद पुढं केला, सुट्टीचं चित्र काढ म्हटलं. गेट, रस्ता, बैल. बैलाच्या तोंडाच्या बाजू त्यानं मन लावून काळ्या केल्या. खाली कोपऱ्यात दोन पोरं, दोन्ही पाठमोरी.

‘हा दुसरा कोण?’

‘सहावीतला. त्याच्या घरी गाई आहेत.’

‘काय बोलता?’

‘बोलत नाही. जनावरं जातात. मी म्हणतो वानेरा. तो म्हणतो शेवरा. चुकलं तर सांगतो.’ वानेरा, शेवरा हे देवणी गुरांचे रंगावरून ओळखायचे प्रकार.

‘रोज?’

‘तो नाही आला तर मी वर्गात जातो.’

‘मग मित्रच की तुझा!’

माधव गोंधळला. ‘नाही. मित्राकडं हसून बघायचं, नाव विचारायचं. तुम्हीच शिकवलं.’

त्याच्याकडं मैत्री होती. ती मैत्री नाही, हे मी त्याला शिकवलं होतं. इतक्या वर्षांच्या कामात एवढं नेमकं मला कुणी सुनावलं नव्हतं.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं, की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते: स्वमग्न माणसाला इतर कळत नाहीत, तसा इतरांनाही तो कळत नाही. मला हे आधीपासून पटत होतं. पटणं आणि वापरणं यात दोन महिने गेले.

आईला मात्र पटेना. ‘जनावरं बघणं म्हणजे दोस्ती का?’ मी विचारलं, तुमची मैत्रीण कोण होती? ‘शेजारची. खुरपायला संगंच जायचो.’ काय बोलायचात? ती थांबली. ‘बोलायला कुठं... पात धरली की पात संपेपर्यंत खाली मान.’ मग बराच वेळ चित्राकडं बघत बसली.

म्हणून आता पालकांना सांगते, ‘कोणाशी खेळलास?’ हा प्रश्न सोडा. ‘सुट्टीत कुठं होतास? तिथं आणखी कोण होतं?’ असं विचारा. वय, वर्ग बघू नका; आवड जुळली की पुष्कळ झालं. एक पोरगं पुरतं. काही मुलांना सुट्टीत खरोखरच शांतता हवी असते, कारण सकाळभराच्या गोंगाटानं ती थकलेली असतात. त्यांना ओढून मैदानात नेऊ नका. शिक्षकांनी वर्गापुढं ‘याला सांभाळून घ्या’ असं भाषण देऊ नये. दोघांना मिळून काम द्यावं, झाडांना पाणी घालायचं का असेना. नजर ठेवायची ती दुसरीकडं: ‘डबा दिलास तर दोस्ती’ म्हणणाऱ्यांवर. त्यांनाही ही मुलं मित्रच म्हणतात. डबा रिकामा आणि पोरगं भुकेलं घरी येत असेल, तर शाळेत जाऊन बोला.

माधवची कवायत बंद केली. गेटाजवळ दोघांना उभं राहू द्या, एवढंच वर्गशिक्षकांना सांगितलं. त्यांनी एक बाक तिथं हलवला, ही त्यांची स्वतःची कल्पना.

पोळ्याला त्या पोरानं माधवला घरी बोलावलं. वाजंत्री सुरू झाली तसा हा कान झाकून पळत परत आला. ‘वीस मिनिटं बी थांबलं नाही,’ आईचा फोनवर हिरमुसला आवाज. दुसऱ्या दिवशी बाकावर त्या पोरानं बैलाच्या शिंगाचा एक गोंडा त्याच्या हातात ठेवला आणि रस्त्याकडं बघतच म्हणाला, ‘पुढल्या साली सकाळीच ये. धुवायच्या टायमाला.’